पसरलाय का आणि वाचेल का: अमळनेरकडच्या एका जठर-कर्करोगाचं प्रकरण

अमळनेर तालुक्यातले एक शेतकरी, वय ६६. आपण त्यांना आप्पा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कापूस, ज्वारी, विहिरीवर थोडा मका. दहा-बारा वर्षांपासून मधुमेह, गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात. बिडी होती, नातू झाल्यावर सोडली. तक्रार म्हणाल तर अशी की दम लागतो, शेतात जाताना मध्ये बसावं लागतं आणि जेवणावरची वासना गेलीय. पोटात दुखत नव्हतं, उलट्या नव्हत्या. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. गावातल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या देऊन पाहिल्या, महिनाभरात फरक पडला नाही. तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन जळगावला माझ्याकडे पाठवलं. साठीनंतरच्या पुरुषाचं रक्त विनाकारण कमी होत नाही, ते कुठूनतरी जातंय, हे त्यांनी ओळखलं आणि पुढची सगळी गोष्ट तिथून शक्य झाली.

विचारताना एक गोष्ट हळूच बाहेर आली. आप्पा कित्येक वर्षं सकाळी उपाशीपोटी पित्ताची कॅप्सूल घेत होते. मेडिकलवाल्याकडून पट्टी आणायची, संपली की दुसरी. खानदेशात हे इतकं सर्रास आहे की माणूस ते औषध म्हणून सांगतही नाही. ठेचा, शेवभाजी, रात्रीचं तिखट जेवण, त्यावर सकाळची कॅप्सूल. या कॅप्सूलने जळजळ थांबते, पण जठरातला सुरुवातीचा कर्करोग वरून खपली धरल्यासारखा भरून येतो, काही आठवड्यांनी पुन्हा फुटतो, पुन्हा भरतो. तक्रार दबते, आजार तसाच राहतो. शिवाय आम्ल कमी झालं की अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर पित्ताचा त्रास नव्याने सुरू झाला असेल, किंवा जुन्या त्रासाला वजन घटणं, रक्त कमी होणं, काळी शौच, गिळायला अडचण, सारख्या उलट्या यांपैकी कशाचीही जोड मिळाली असेल, तर कॅप्सूल बदलत बसू नये. तोंडावाटे दुर्बीण घालून आत बघावं.

दुर्बिणीत पहिल्या नजरेला काही विशेष दिसलं नाही. जठराच्या आतल्या चिकट स्रावाचा थर पाणी मारून धुतला, हवा भरून घड्या ताणल्या, तेव्हा खालच्या तोंडाजवळ आतल्या आखूड वळणावर रंग थोडा वेगळा वाटला. आजूबाजूपेक्षा किंचित लालसर, कडा जरा उंच, मध्ये उथळ खळगा. निळं इंडिगो कारमाइन फवारल्यावर ते खळग्यात साचलं आणि कडेची वेडीवाकडी रेघ स्पष्ट झाली. अंदाजे अडीच सेंटिमीटर. जुन्या व्रणाचा वण नव्हता, आजूबाजूच्या घड्या ओढल्या गेल्या नव्हत्या. घाईत दुर्बीण आत-बाहेर केली असती तर हे सुटलं असतं. बायोप्सीत अॅडिनोकार्सिनोमा निघाला, मध्यम प्रतीचा, म्हणजे पेशी बिघडल्या होत्या पण जठराच्या अस्तरातल्या पाचक ग्रंथींच्या नळ्यांचा आकार अजून सोडला नव्हता. सोबत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला. हा जंतू जठराच्या कर्करोगाचं कारण असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच जाहीर केलं आहे. त्याचा शोध लावणाऱ्या वॉरन आणि मार्शल यांना २००५ चं नोबेल मिळालं.

सीटी स्कॅनमध्ये जठराबाहेर काही नव्हतं, जठराभोवतीच्या लसिकाग्रंथी, म्हणजे शरीरातला लसिका हा स्राव गाळणाऱ्या छोट्या गाठी, वाढलेल्या नव्हत्या. घरच्यांना इथे हायसं वाटलं. मी त्यांना तिथेच थांबवलं. सीटी ही गाठ मोजतो आकारावरून, साधारण ८ ते १० मिलिमीटरच्या पुढची गाठ संशयास्पद धरतो. सुरुवातीच्या कर्करोगात लसिकाग्रंथीत शिरलेल्या पेशी इतक्या थोड्या असतात की गाठ तिच्या नेहमीच्याच आकाराची राहते. सीटी स्वच्छ आहे याचा अर्थ मोठं काही नाही एवढाच.

आप्पांचा मुलगा सुरतला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, रात्रीच्या गाडीने आला होता. आप्पांची बायको, थोरली मुलगी, मुलगा आणि आप्पा, असे चौघे समोर बसले. आप्पांनी अहिराणीतच विचारलं, "डॉक्टर साहेब, माले एकच सांगा. हाई पसरनं शे का नही?" मुलाने लगेच दुसरं विचारलं, "सर, बाबा वाचतील ना?"

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि या प्रकरणात पुढे जो गोंधळ झाला तो बराचसा ते एक धरल्यामुळे झाला. पसरणं म्हणजे या क्षणी जठराभोवतीच्या लसिकाग्रंथींत पेशी आहेत की नाहीत. वाचणं म्हणजे पुढच्या पाच-दहा वर्षांत हा माणूस या आजाराने जातो की नाही, आणि त्यात त्याचं वय, साखर, हृदय, सगळं येतं. पहिल्याचं उत्तर नकारार्थी असलं तर दुसऱ्याचं बहुधा चांगलं असतं, पण पहिल्याचं होकारार्थी असलं म्हणून दुसरं संपलं असं मुळीच नाही.

सुरुवातीचा जठर-कर्करोग कशाला म्हणायचं हे जपानच्या दुर्बीणतज्ज्ञांनी १९६२ मध्ये ठरवलं. कर्करोग जठराच्या अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात थांबलेला हवा, त्याखालच्या जाड स्नायूपर्यंत गेलेला नको. लसिकाग्रंथीत गेलाय की नाही याचा या व्याख्येशी संबंध नाही. म्हणजे सुरुवातीचा असूनही पसरलेला असू शकतो. फक्त अस्तरात असेल तर ग्रंथीत पोहोचल्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन. खालच्या थरात उतरला की ते एकदम २० च्या आसपास जातं. कारण लसिकावाहिन्यांचं, म्हणजे या ग्रंथींकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांचं, दाट जाळं त्या खालच्या थरात आहे. या दोन थरांमधलं अंतर मिलिमीटरच्या अपूर्णांकात मोजायचं असतं, आणि सगळा अंदाज त्यावर उभा राहतो.

हे अंदाज आले कुठून, तर ऑपरेशन करून काढलेल्या जठरांमधून. जपानमध्ये तपासणी मोहिमांमुळे लवकरचे रुग्ण हजारोंनी सापडले, त्यांची जठरं ग्रंथींसह काढली गेली आणि प्रत्येक ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. २००० साली गोतोदा आणि सहकाऱ्यांनी ५,२६५ रुग्णांचा हिशेब मांडला. अस्तरापुरते, नळ्यांचा आकार टिकवून असलेले, ३ सेंटिमीटरपेक्षा लहान असे १,२३० कर्करोग होते, व्रण असो वा नसो. त्यांपैकी एकाच्याही ग्रंथीत पेशी सापडल्या नाहीत. व्रण नसलेल्या ९२९ जणांमध्ये, आकार कितीही असो, तेच. या शून्यांवर पुढची सगळी दुर्बिणीची शस्त्रक्रिया उभी राहिली. जिथे ग्रंथीत जाण्याचा धोका जवळजवळ नाही तिथे जठर का कापायचं? अस्तराचा तेवढा तुकडा आतूनच सोलून काढा.

आप्पांचा रोग वरून बघता या चौकटीत बसत होता. नळ्यांचा आकार टिकवलेला, व्रण नाही, तीन सेंटिमीटरच्या आत, अस्तरापुरता वाटणारा. "वाटणारा" यावर मी घरच्यांशी बोलताना मुद्दाम जोर दिला. वरून बघून खोलीचा अंदाज बांधण्याची अचूकता ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास असते, सगळ्यांत अनुभवी माणसाचीही फार पुढे जात नाही. त्यामुळे सोलून काढणं हा उपचारही होता आणि खरी तपासणीही. हे काम रोज करणाऱ्या मुंबईतल्या एका केंद्रात त्यांना पाठवलं.

तिथे तुकडा सलग, एकसंध निघाला. त्यानंतर जे झालं ते मला इथे सविस्तर सांगायचं आहे, कारण आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं. सोललेलं अस्तर ओलं, मऊ असतं. सोडलं की वळकटी होतं. ते लगेच कॉर्कच्या पट्टीवर पसरलं, कडा हलक्या हाताने ताणून स्टेनलेसच्या बारीक टाचण्या जवळजवळ लावल्या, तोंडाची बाजू कोणती आणि खालची कोणती याची खूण केली, फोटो काढला आणि मग फॉर्मेलिनमध्ये उलटं बुडवलं. दुसऱ्या दिवशी पॅथॉलॉजिस्टने दोन-दोन मिलिमीटरच्या समांतर पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीला क्रमांक दिला, आणि फोटोवर रेघा मारून कोणत्या पट्टीत रोग कुठून कुठे आहे याचा नकाशा केला. आपल्याकडच्या लॅबमध्ये असे तुकडे अनेकदा बाटलीत गोळा होऊन येतात. गोळा झालेल्या अस्तराची काप तिरकी जाते, आणि तिरक्या कापेत अर्धा मिलिमीटर सहज एक मिलिमीटर दिसतो. मग कोणतंही सूत्र, कोणतंही संगणकाचं मॉडेल वापरा, आत चुकीचा आकडा घातल्यावर बाहेर बरोबर आकडा येणार नाही. पसरण्याच्या अंदाजाचं निम्मं काम त्या टाचण्यांवर होतं, यावर माझा ठाम विश्वास आहे.

रिपोर्ट असा होता: रोगाचा आकार ३४ मिलिमीटर, म्हणजे दुर्बिणीत दिसला त्यापेक्षा मोठा, कारण कडेला तो अस्तराखालून सपाट पसरला होता. खोली, अस्तराच्या तळाच्या बारीक स्नायूपट्टीपासून खालच्या थरात मोजून, ७०० मायक्रॉन. कडा आणि तळ स्वच्छ. रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. लसिकावाहिनीत शिरकाव: निश्चित नाही, एका पट्टीत संशयास्पद जागा, विशेष रंग लावून बघावा.

खोलीची सीमारेषा ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. तिच्या आत असता तर, बाकी गोष्टी अनुकूल असत्या तर, सोलणं पुरेसं मानता आलं असतं. ७०० म्हणजे सीमा ओलांडली. आकारानेही ३ सेंटिमीटरची रेघ ओलांडली. म्हणजे सोलण्याने रोग तिथून निघाला होता, पण ग्रंथींत काही गेलं असेल तर ते मागे राहिलं होतं. आता प्रश्न असा की जठराचा भाग ग्रंथींसह काढायचा की नुसतं लक्ष ठेवायचं.

यासाठी ई-क्युरा नावाची एक गुणपद्धत आहे, हत्ता आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेली. सोलल्यानंतर पुन्हा ऑपरेशन झालेल्या १,१०१ जणांवरून त्यांनी गुण ठरवले आणि पुढे काहीच उपचार न घेतलेल्या ९०५ जणांवर ते तपासून पाहिले. लसिकावाहिनीत शिरकाव असेल तर ३ गुण. आकार ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त, तळाची कड स्वच्छ नसणं, रक्तवाहिनीत शिरकाव, खोली ५०० मायक्रॉन किंवा जास्त, यांना प्रत्येकी १. एकूण ७. शून्य ते १ गुण असेल तर ग्रंथीत पेशी असण्याचं प्रमाण २.५ टक्के, २ ते ४ ला ६.७ टक्के, ५ ते ७ ला २२.७ टक्के.

आप्पांचे गुण, संशयास्पद जागा सोडली तर, २. म्हणजे ६.७.

मुलाने हा आकडा धरला. त्याची मनःस्थिती मला कळत होती. वडिलांचं पोट फाडायचं नाही असं त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि ६.७ ने त्याला आधार दिला. "म्हणजे ९३ टक्के चांगलंच की," तो म्हणाला. पण त्याच रात्री त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवर बनवलेलं एक गणकयंत्र शोधलं, वय, आकार, खोली घातली आणि पाच वर्षं जगण्याचा जो आकडा आला तो बघून हादरला. सकाळी फोनवर त्याचा आवाज वेगळाच होता.

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. त्या गणकयंत्रातला मृत्यू कोणत्याही कारणाने झालेला होता: हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसं. सुरुवातीच्या जठर-कर्करोगात वयस्कर माणसं बऱ्याचदा दुसऱ्याच कारणाने जातात. शिवाय अशा नोंदणीवर बनवलेल्या यंत्रांमध्ये लसिकावाहिनीतल्या शिरकावाचा रकाना बहुतेकदा नसतोच, आणि आप्पांच्या बाबतीत सगळा प्रश्न तिथेच अडला होता. अशा मॉडेलची गुणवत्ता सांगताना एक आकडा देतात, ०.७५ किंवा ०.८ असा काहीतरी. त्याचा अर्थ असा की एक पसरलेला आणि एक न पसरलेला रुग्ण शेजारी ठेवले तर मॉडेल शंभरातून ७५-८० वेळा पसरलेल्याला जास्त धोका देतं. क्रम लावण्यात ते हुशार आहे एवढंच यातून कळतं. ते ज्यांना २० टक्के म्हणतं त्यांच्यापैकी खरोखर २० टक्क्यांनाच होतं का, हे वेगळं तपासावं लागतं, आणि तेही आपल्यासारख्या लोकांवर. टोकियो, सोल किंवा अमेरिकेतल्या रुग्णांवर बेतलेलं सूत्र अमळनेरच्या माणसाला लावू नये असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे लवकरचे रुग्ण इतके कमी सापडतात की आपलं सूत्र बनवायला आकडेच नाहीत. पण ते लावताना दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर भांडू नये.

आठवड्याभराने विशेष रंगाचा रिपोर्ट आला. डी२-४० हा रंग फक्त लसिकावाहिनीच्या भिंतीला लागतो, रक्तवाहिनीला लागत नाही. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात एक अडचण असते: फॉर्मेलिनमध्ये ऊती आक्रसते आणि कर्करोगाच्या पेशींच्या पुंजक्याभोवती रिकामी जागा तयार होते. ती हुबेहूब वाहिनीसारखी दिसते. उलट खरी वाहिनी दबून गेली तर दिसतच नाही. मुंबईच्या पॅथॉलॉजिस्टने मला पडद्यावर ती जागा दाखवली. तपकिरी रंगाची बारीक, अखंड भिंत, आणि तिच्या आत सात-आठ पेशींचा पुंजका. फक्त एका पट्टीत, एका ठिकाणी. संशयाला जागा राहिली नाही.

३ गुण वाढले. एकूण ५. ६.७ चे २२.७ झाले.

आप्पांच्या शरीरात त्या आठवड्यात काहीही बदललं नव्हतं, हे मी घरच्यांना दोनदा सांगितलं. बदललं ते आपलं ज्ञान. मुलाला वाटत होतं की सोलल्यामुळे रोग पसरला, आणि हा गैरसमज रुजला असता तर पुढे कायम सलत राहिला असता.

निर्णयाच्या दिवशी मी त्यांच्यासमोर टक्केवारी मांडली नाही. आप्पांसारखीच शंभर माणसं समोर बसली आहेत असं समजा, म्हटलं. त्यांतल्या २२-२३ जणांच्या ग्रंथीत आज पेशी असतील, ७७ जणांच्या नसतील. कोणीच पुढे काही केलं नाही तर पाच वर्षांत दहाएक जण या कर्करोगाने जातील. याच ई-क्युरा अभ्यासात उपचार न घेतलेल्या अति-जोखमीच्या, म्हणजे ५ ते ७ गुणांच्या गटात पाच वर्षांनी कर्करोगाच्या हिशेबाने ९०.१ टक्के वाचले होते. मधल्या गटात ९६. ऑपरेशन केलं तर तो दहाचा आकडा बराच खाली येतो, शून्य होत नाही. पण ऑपरेशनचाही स्वतःचा धोका आहे. जपानच्या देशव्यापी नोंदीत जठराचा खालचा भाग काढण्याच्या ऑपरेशनात मृत्यू १ टक्क्याच्या आसपास आहेत. मधुमेह असलेल्या माणसाला जखम, जोड आणि छातीचे त्रास जास्त. आणि जगलेल्या प्रत्येकाला आयुष्यभर लहान पोटाने जगायचंय.

आप्पा ऐकत होते. मग ते म्हणाले की कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर ७५ टक्के उगवण लिहिलेली असते, कोणता दाणा फुटणार नाही हे कंपनीलाही माहीत नसतं, म्हणून आम्ही काय पेरायचं सोडतो? उगवण कमी असली तर एका जागी दोन दाणे टाकतो. मी इतक्या वर्षांत शक्यता हा विषय यापेक्षा नेमका समजावलेला ऐकला नाही. पाकिटावरचा आकडा पोत्याबद्दल असतो, दाण्याबद्दल नसतो, आणि तरीही त्यावरून काय करायचं ते ठरवता येतं.

गुण २ वर थांबले असते तर मी त्यांना ऑपरेशनचा आग्रह केला नसता. शंभरात चार कर्करोगाने जाणार, एक-दोन ऑपरेशनने. ६६ व्या वर्षी, मधुमेहासह, तो सौदा बरोबरीत येतो आणि माणसाच्या इच्छेने ठरतो. ५ वर तो बरोबरीत राहत नाही. हृदयाचा इको चांगला होता, चालण्याची ताकद होती, लोह शिरेतून दिल्यावर हिमोग्लोबिन ११ वर आलं होतं. ८२ वर्षांचे, दोनदा झटका येऊन गेलेले आजोबा असते तर याच ५ गुणांवर मी लक्ष ठेवायचा सल्ला दिला असता. रोगाचा आकडा एकच असला तरी तो कोणाच्या अंगावर पडतोय हे बघावंच लागतं. आप्पांच्या बायकोने सगळ्यांत शेवटी विचारलं, "भाकरी खाता येईल ना त्यांना?" येईल, म्हटलं, चतकोर-चतकोर, दिवसातून सहा वेळा. त्यांनी मान हलवली आणि निर्णय झाला.

ऑपरेशन पोटाला छोटी छिद्रं पाडून, दुर्बिणीतून झालं, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसलं. जठराचा खालचा सुमारे दोन तृतीयांश भाग आणि त्याभोवतीच्या ग्रंथी काढल्या, उरलेलं जठर आतड्याला जोडलं. साखरेने चौथ्या-पाचव्या दिवशी त्रास दिला, जोड टिकला. काढलेल्या भागात रोग उरला नव्हता. ग्रंथी २८ तपासल्या. ही संख्या रिपोर्टात शोधून बघावी. १६ पेक्षा कमी ग्रंथी तपासल्या असतील तर "ग्रंथीत काही नाही" या वाक्यावर पुरता विश्वास ठेवता येत नाही, कारण शोधलंच नाही तर सापडणार कसं. आप्पांच्या २८ पैकी एकाही ग्रंथीत पेशी नव्हत्या. टप्पा १-अ, म्हणजे अगदी सुरुवातीचा. केमोथेरपीची गरज नाही.

घरात आनंद झाला, आणि दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. आवाज खाली गेलेला. "सर, मग उगाच काढलं का जठर?"

हा प्रश्न फार प्रामाणिक आहे, आणि त्याला "आता कशाला तो विचार" असं म्हणून टाळू नये. मी त्याला म्हटलं, आधीच सांगितलं होतं, शंभरातल्या ७७ जणांच्या ग्रंथी स्वच्छच निघणार. बाबा त्या ७७ मध्ये निघाले. पण ते त्यांतले आहेत हे ग्रंथी काढून बघितल्याशिवाय कळण्याचा मार्ग आज कुणाकडेच नाही. सीटीकडे नाही, मोबाइलवरच्या यंत्राकडे नाही, माझ्याकडेही नाही. निर्णय बरोबर होता की चूक हे त्या दिवशी जे माहीत होतं त्यावरून ठरतं. एक ग्रंथी भरलेली निघाली असती म्हणून तो जास्त बरोबर झाला नसता, आणि रिकामी निघाली म्हणून कमी बरोबर होत नाही. शिवाय २२.७ टक्क्यांच्या धास्तीत दर सहा महिन्यांनी सीटी काढत जगणं आणि टप्पा १-अ हे कागदावर बघून जगणं यात फरक आहे. तो काही वेळ बोलला नाही. मग विचारलं, की हे सगळं तुम्ही बाबांना पण असंच सांगाल का. सांगितलं. ७७ टक्के या शब्दांशिवाय, बियाण्याच्याच भाषेत.

म्हणून आता मागे वळून न बघता चालेल असं नाही. सुरुवातीच्या जठर-कर्करोगात रोग परतण्याचं प्रमाण शंभरात एखाद-दोन इतकंच आहे, पण परतला तर तो बहुधा रक्तावाटे यकृतात जातो, आणि कधी कधी पाच वर्षांनंतरही. उरलेल्या जठरात नवा कर्करोग उगवणं हा वेगळा धोका. त्यासाठी जंतू मारायलाच हवा. कोरियातल्या एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, दुर्बिणीने सुरुवातीचा कर्करोग काढलेल्यांपैकी ज्यांना जंतूचा उपचार मिळाला त्यांच्यात नवा कर्करोग ७.२ टक्क्यांना झाला, ज्यांना मिळाला नाही त्यांच्यात १३.४ टक्क्यांना. आप्पांना १४ दिवसांचा कोर्स दिला. कोर्स संपल्यावर चार आठवडे थांबून, पित्ताची कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद ठेवून, श्वासाची तपासणी केली. जंतू गेला होता. ही फेरतपासणी फार ठिकाणी होत नाही, आणि गोळ्या पूर्ण घेतल्या म्हणजे जंतू गेलाच असं धरलं जातं.

पुढचा त्रास आखाजीला झाला. सासुरवाशिणी घरी आल्या होत्या, पुरणपोळी आणि आमरस. आप्पांनी दोन वाट्या रस घेतला. वीसेक मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, पोटात कळ, मग जुलाब. दोन तासांनी हात थरथरले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. घरच्या यंत्रावर साखर ५८. मुलगी घाबरली, तिला वाटलं रोग परतला. उरलेल्या लहान जठरातून गोड पातळ पदार्थ धडकन आतड्यात उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं, आणि नंतर इन्शुलिन एकदम उसळून साखर खाली पडते. मधुमेहाची जुनी गोळी चालूच असल्याने ती आणखी घसरली. गोळी बदलली. रस वर्ज्य केला नाही, पण पोळीसोबत, अर्धी वाटी, चमच्याने, आणि जेवताना पाणी नाही, असं ठरलं. ऑपरेशनच्या यशापेक्षा अशा गोष्टींनीच माणसाचं पुढचं आयुष्य सुखाचं की हालाचं ते ठरतं, आणि डिस्चार्जच्या कागदावर त्यांना एक ओळही मिळत नाही. दर तीन महिन्यांनी बी-१२ चं इंजेक्शन सुरू आहे, लोह तपासतो, वजन ऑपरेशनआधीपेक्षा ६ किलोने कमी राहून स्थिरावलंय.

आप्पांच्या धाकट्या भावाला मी बोलावून घेतलं. सख्ख्या नात्यात जठराचा कर्करोग असेल तर धोका वाढतो, आणि जंतू बहुधा लहानपणी घरातूनच येतो. त्यांना काही त्रास नव्हता, यायला टाळाटाळ केली, आप्पा स्वतः घेऊन आले. जंतू निघाला, उपचार झाला. दुर्बिणीत कर्करोग नव्हता. जठराच्या खालच्या आणि मधल्या भागात अस्तर आतड्यासारखं बदललेलं दिसलं, ठिकठिकाणचे तुकडे घेतले, त्यांत बिघडलेल्या पेशी नव्हत्या. हा बदल पसरट असला आणि घरात कर्करोग असला तर एक-दोन वर्षांनी पुन्हा बघावं लागतं. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, कापूस घरात आल्यावर, त्यांची दुर्बीण ठरली आहे. तारीख आप्पांनी स्वतःच्या वहीत लिहून घेतली.